दहातले सात

लास तोर्कासास, टेक्सस
१४ फेब्रुवारी २०२३

यारेली,

तुमच्या पथकाने शनिवारी आमच्या वस्तीला दोन तासांची भेट दिली. तुमच्या कागदांवर तिचा खर्च काय लावलाय देव जाणे. खरा खर्च माझ्याकडून ऐक. तुझ्या काकूने रविवारच्या प्रार्थनेनंतर वाटायला केलेले मक्याच्या पिठाचे टमाल, झाडून सगळे. माझ्या दुकानाची शनिवार सकाळ, जेव्हा अख्खी वस्ती टायर दाखवायला येते. शेजारच्या बर्निसबाईंचं हसू, जे मुलगा गेल्यापासून आत्ता कुठे परत यायला लागलं होतं. आणि एक कोंबडा, तुमच्या व्हॅनखाली. कोंबड्याचं मला फारसं दुःख नाही. तो तुमच्या साहेबासारखाच होता. आपण आरवलो म्हणून उजाडलं, असं समजणारा.

फोन का केला नाही, विचारशील. फोनवर तू मला मधेच तोडतेस. कागदाला ते जमत नाही.

सहा तरुण डॉक्टर, सगळ्यांना एकसारखे आकाशी शर्ट, छातीवर भरतकाम: ‘समाजाच्या सोबत’. समाजाच्या सोबत असणाऱ्याला ते शर्टावर लिहावं लागतं का गं? मी टायरवाला आहे हे माझ्या नखांवरून कळतं. तुमचे साहेब, डॉक्टर गोन्सालो आरिस्मेंदी, माद्रिदचे. गाडीतून उतरताच म्हणाले, “आपण हिस्पॅनिक माणसं म्हणजे एकच कुटुंब, सेन्योर एलिओदोरो!” माझा ग्रीसने माखलेला हात दोन्ही हातांत धरून हलवला आणि मग हात मागे नेऊन रुमालाला पुसला. माझ्या दुकानात ट्रकचे जुने आरसे टांगलेले आहेत, हे कुटुंबाच्या लक्षात आलं नाही.

मग खुर्च्या मांडल्या, माझ्याच. तुमच्यातला तो कुरळ्या केसांचा पोरगा आपल्या म्हाताऱ्या चोनिताला भर अंगणात हातातल्या टॅबच्या पडद्यावरचा प्रश्न वाचून दाखवतो: “गेल्या वर्षभरात डॉक्टरांनी तुम्हाला लिहून न दिलेलं औषध आपण घेतलंत का?”

चोनिता म्हणाली, “घेतलंत का म्हणजे? अरे बाळा, मी घेते, देते, आणि गरज पडली तर टोचतेसुद्धा! तुला कुठे दुखतंय का?”

सगळं अंगण हसलं. तो हसला नाही. त्याने पडद्यावर बोट टेकवलं.

तुमच्या साहेबाला माझा निरोप सांग. या वस्तीत कोण काय ओढतो आणि कोण काय गिळतो, ते गाडी माझ्या दारात वळते तेव्हाच मला कळतं. माणूस ब्रेक कसा दाबतो ते ऐकायचं, बस. दोन वर्षं शिकवण्यापेक्षा पोरांना महिनाभर माझ्याकडे पंक्चर काढायला बसवा म्हणावं.

तुझा काका,
एलिओदोरो

---

ह्यूस्टन
२७ फेब्रुवारी

काका,

तुम्ही कोंबड्यावर चार वाक्यं लिहिलीत आणि बर्निसबाईंवर एक. तुमच्या टिंगलीची गोम तिथेच आहे.

आम्ही सहा जण सहलीला आलो नव्हतो. आपल्या लोकांतल्या व्यसनांचा अभ्यास आजवर बाहेरच्यांनी केला, इंग्रजीत प्रश्न विचारून, आणि आम्ही आहोत त्यापेक्षा वेगळेच कुणीतरी कागदावर उतरले. म्हणून हे शिक्षण आहे. आमच्यातल्याच तरुणांना घ्यायचं, प्रश्न कसे करायचे, माणसं कशी निवडायची, निष्कर्ष कसा लिहायचा हे दोन वर्षं शिकवायचं. शेकड्यांनी अर्ज आले होते. त्यांतून मला घेतलं. आपल्या घराण्यात शाळेच्या पुढे शिकलेली मी पहिली, हे तुम्हीच माझ्या पदवीच्या दिवशी हॉटेलभर ओरडून सांगत होतात.

आणि बर्निसबाईंचा आदान एकविसाव्या वर्षी ‘हृदयाने’ गेला. एकविसाव्या वर्षी, काका! अख्ख्या वस्तीने ते हृदय बिनबोभाट मान्य केलं. तुम्हीसुद्धा. तेव्हा ब्रेकचा आवाज ऐकू आला नव्हता का?

आता बातमी. शनिवारची उत्तरं मोजून झाली. दहातले सात जण औषधांचा गैरवापर करतात असं दिसतंय. डॉक्टर आरिस्मेंदी म्हणाले, असा आकडा त्यांनी उभ्या कारकिर्दीत पाहिला नाही. एप्रिलमध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत तो मी मांडायचा आहे. पहिलं नाव माझं. पुढचं वर्ष मला इथे ठेवायचं की नाही, ते त्यावर ठरेल. ठेवलं नाही तर इतक्या वर्षांचं शिक्षण घेऊन मी कुठल्यातरी प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसेन.

आकडा मलाही जरा मोठा वाटला. पण तो प्रश्न अकरा देशांत तपासून घेतलेला आहे.

तोवर वस्तीत कुणाला बोलू नका. तुमचं ‘कुणाला न बोलणं’ मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

तुमची,
यारेली

---

लास तोर्कासास
११ मार्च

यारेली,

मी कुणाला बोललो नाही. मला बोलायला तुमच्या साहेबाने जागाच ठेवली नाही. गुरुवारी टीव्हीवाल्यांची गाडी आली, छपरावर थाळी घेऊन. संध्याकाळच्या बातम्यांत साहेब कोट घालून सांगत होते, “दहातले सात!” आणि मागे चित्र कुणाचं? चोनिताचं, अंगणात हसताना. मास्तरीण म्हणून निवृत्त झालेली, वयाची सत्तरी उलटलेली बाई. ती तशीच घरातल्या कपड्यांत दुकानात आली.

“एलिओदोरो, मी नशेबाज?”

“कोमाद्रे, त्यांनी तुमचं नाव नाही घेतलं.”

“नाव नाही घेतलं, दात दाखवले माझे! तुझ्या पोराला बाप्तिस्म्याला मी धरलं होतं, धर्मआई म्हणून. आणि तुझ्या पुतणीने मला गटारात बसवलं!”

तुझ्या काकूशी, रोमेलियाशी, ती बोलत नाही. बाकीच्याही बोलत नाहीत. काल बाजारात कुणीतरी मागून म्हणालं, “सांभाळून, डॉक्टरीणबाईंची काकू आलीय, मोजेल.”

आता तुला फुकट शिकवतो, कारण तुझा साहेब पगार घेऊनही शिकवत नाही. आपल्याकडे प्रत्येक घरात बिस्किटांचा तो निळा पत्र्याचा डबा असतो की नाही? बिस्किटं त्यात कुणीच कधी पाहिली नाहीत. त्यात औषधं. कुणाला खोकला झाला की चोनिता आपल्या डब्यातून देते, चोनिताला गुडघा धरला की आम्ही आमच्यातून. संपलं की पूल ओलांडून पलीकडे मेक्सिकोत जायचं. तिथे औषधवाला कपाळावर हात ठेवतो, घरच्यांची चौकशी करतो आणि गोळी देतो. इकडे डॉक्टर गाठायचा तर विमा, अर्ज, दीड महिन्यानंतरची वेळ. तोवर माणूस बरा तरी होतो नाहीतर जातो तरी. तू लहानपणी ज्या गोळ्या खाऊन वाढलीस, त्यातली एक तरी डॉक्टरने लिहून दिली होती का? विसरलीस! डॉक्टर झालीस आणि डबा विसरलीस. उंटावर बसलं की शेळ्या सारख्याच दिसतात.

तुमच्या हिशोबाने मीसुद्धा त्या सातांतला. पाठीसाठी घेतो, दीड वर्ष झालं, पुलाच्या पलीकडच्या टोकाशी हिरव्या क्रॉसचं दुकान आहे तिथून. हल्ली सगळ्या वस्तीच्या पाठी तिथेच जातात. ते औषध आहे, नशा नव्हे. नशेत मजा असते; पाठदुखीत कसली मजा?

आणि खरी घेणारी जी दोन-तीन पोरं आहेत, त्यांनी ‘नाही’ म्हणून सांगितलं. सांगणारच. त्यांच्या आया मागे टमालची ताटं घेऊन उभ्या होत्या. पाहुण्यांसमोर आईला खाली मान घालायला लावेल असा पोरगा आपल्याकडे अजून जन्मायचाय. मग तो कितीही वाया गेलेला असो. म्हणजे तुमच्या यादीत म्हाताऱ्या सगळ्या नशेबाज आणि नशेबाज सगळे साधुसंत. अकरा देशांत हेच करून आले का?

काका

---

ह्यूस्टन
२ एप्रिल

काका,

तुमचं बरोबर होतं. हे एकदाच लिहिते. चौकटीत बसवून दुकानात टांगू नका.

पत्र वाचलं त्या दिवशी मी उत्तरं पुन्हा काढली. ज्यांनी ‘हो’ म्हटलं त्यांत साठीच्या पुढच्या बायकाच बायका. ती नशा नाही, तो निळा डबा आहे. मला लाज वाटली ती आकडा चुकल्याची नाही. मी त्या अंगणात उभी होते, चोनिताआजी हसली तेव्हा मलाही हसू आलं होतं, आणि तरी व्हॅनमध्ये बसल्यावर मी पडद्यावर विश्वास ठेवला.

साहेबांकडे गेले. त्यांनी कॉफी मागवली, माझं म्हणणं डोळे मिटून ऐकलं.

“हे तुला कोणी सांगितलं?”

“माझ्या काकांनी.”

“काय करतात ते?”

“टायरचं दुकान आहे.”

“उत्तम. तर असं करू या यारेली, टायर त्यांनी बघावेत.” मग अगदी प्रेमाने म्हणाले, “आकडा हा आकडा असतो. त्याने पैसे येतील, तुझ्याच वस्तीत दवाखाना उघडेल. लोकांचं भलंच होतंय, तर थोडी अडचण सोसायला काय हरकत आहे?”

मी म्हटलं, ज्या दवाखान्याला म्हाताऱ्यांच्या खोकल्यावर उपचार करायचे आहेत नि पोरांच्या नशेवर नाही, तो उघडून उपयोग काय? यावर ते घड्याळाकडे बघून हसले. माणूस मूर्ख असता तर मला राग आला नसता. त्याला सगळं कळतं. फक्त त्याच्यासाठी आम्ही म्हणजे कुठल्याशा जत्रेत दाखवायची माणसं.

परिषदेतून मी नाव काढून घेतलं. बाकीचे पाच जण माझ्याशी लिफ्टमध्ये बोलत नाहीत. जूनअखेर माझी मुदत संपते आणि पुढचं वर्ष मिळणार नाही, हे धरून चाला. तोवर एकच वाट आहे. खरी पाहणी मी एकटीने करायची. पडदा नाही, शर्ट नाही. प्रत्येकाला त्याच्या स्वयंपाकघरात, आयांना बाहेर पाठवून विचारायचं. आणि डब्यातल्या गोळ्या दोन-दोन मागून घ्यायच्या. विद्यापीठातली माझी एक मैत्रीण त्या तपासून देईल. लोक काय घेतात ते लोकांना तरी माहीत आहे का, हे मला बघायचंय. याचा निबंध झाला तर निदान दुसरीकडे कुठे उभं राहता येईल. नाही झाला, तर दहातले सात हीच माझी ओळख.

ईस्टरला येते. पण दारं बंद आहेत, आणि ती माझ्या शब्दावर उघडणार नाहीत. तुमच्या शब्दावर उघडतील. एवढं कराल का?

यारेली

---

लास तोर्कासास
२१ एप्रिल

यारेली,

तू गेलीस आणि वस्तीला चघळायला विषय राहिला नाही, म्हणून सगळे पुन्हा माझ्या दुकानात बसायला लागले.

आता खरं सांगतो. पहिल्या दिवशी तू चोनिताच्या दारात उभी होतीस आणि ती आतून विचारत होती, “कोण? टीव्ही का?” तेव्हा मला वाटलं, ही पोरगी आता रडणार. तू रडली नाहीस. “आजी, मी चुकले, शिव्या द्यायच्या तर आत बसवून द्या,” म्हणालीस. हे तुला साहेबाने शिकवलेलं नाही. ही आमच्या आईची युक्ती. शिव्या खाल्ल्यास, वर दोन वाट्या मेनुदोचा रस्सा खाल्लास, आणि मग तिने डबा उघडला.

पण बाकीची दारं कुणी उघडली? शनिवारी बार्बाकोआचं मांस शिजत होतं त्या पातेल्याभोवती सगळे जमले असताना कुणी आवाज चढवला? त्या मोंक्लोवा गावच्या भावांनी विचारलं, “सेन्योर एलिओदोरो, गोळ्यांत काही निघालं तर पोलीस येतील का?” मी काय केलं? घरातून माझा डबा आणला, सगळ्यांसमोर टेबलावर उपडा केला आणि म्हटलं, “घे पोरी. पहिल्या गोळ्या माझ्या. एलिओदोरो साल्दिवारच्या डब्यात वावगं काही सापडलं, तर दुकानाची पाटी उतरवीन आणि तिच्यावर टॉर्टिया भाजीन!” टाळ्या पडल्या. तुझा साहेब माद्रिदहून आला तरी त्याला अशा टाळ्या मिळणार नाहीत.

त्यानंतर पोरंसुद्धा तुझ्याशी बोलली, ते मी पाहिलं. काय बोलली ते तू सांगितलं नाहीस. बरं केलंस. मी दोनदा विचारलं तरी सांगितलं नाहीस, त्याचा रागही आला आणि बरंही वाटलं.

एक कानपिचकी. जाताना रोमेलियाला तू नाकात मारायचा तो फवारा दिलास, कुणी बेशुद्ध पडलं तर म्हणून. तिने तो देवाच्या तसबिरीमागे ठेवलाय. अशा वस्तू घरात ठेवल्या की लोक काय म्हणतील? आमच्या घरात कशाला लागतोय तो? गरजवंताला दे.

काका

---

ह्यूस्टन
९ मे

काका,

काल मी तीनदा फोन केला. तीनदा तुम्ही माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाहीत आणि फोन ठेवलात. आता कळलं, मधे कोण तोडतं ते? म्हणून हे पत्र, माणसाच्या हाती, काकूच्या नावाने. तिला तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलंय.

चोनिताआजीच्या डब्यात जुनी झालेली प्रतिजैविकं, जीवनसत्त्वं आणि एक कुत्र्याचं औषध निघालं. बहुतेक घरांत तसंच. दहातले सात वगैरे काही नाही.

पण हिरव्या क्रॉसच्या दुकानातल्या पाठीच्या गोळ्या खोट्या आहेत. वर छाप नावाजलेल्या औषधाचा, आत फेंटानिल, अफूच्या जातीचं, कणभर जास्त झालं तर जीव घेणारं. कुठे थोडं, कुठे जास्त. घरी साच्यात दाबलेल्या गोळ्या, प्रमाण कुणी बघत नाही. ज्या ज्या घरांतून त्या आल्या, त्या प्रत्येक घरातल्या तशाच आहेत. मोंक्लोवाच्या भावांच्या. पाद्रीबाबांच्या आचाऱ्याच्या. आणि तुमच्या.

पोरांना आपण काय घेतोय ते माहीत होतं. ती घाबरून अर्धी अर्धी घेतात. तुम्ही लोक पाठीच्या नावाखाली अख्ख्या घेत होतात. बर्निसबाईंच्या आदानने काय घेतलं होतं, ते आता कुणालाच कळणार नाही.

काका, ऐका. त्यातली एकही गोळी पुन्हा तोंडात घालू नका. आणि घरात बसून नुसत्या मनाच्या जोरावर बंदही करू नका. दीड वर्षानंतर अंग ते सोडत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी चर्चमागे दवाखाना आहे, तिथे जिभेखाली ठेवायचं औषध देतात. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या ओळखीच्या आहेत. जुलैपासून मी त्यांच्याकडेच कामाला लागते आहे. पगार इथल्यापेक्षा निम्मा. साहेब माझ्या निरोपाचा केकसुद्धा कापणार नाहीत. त्यांच्या निबंधात दहातले सात तसेच छापून येताहेत, फक्त माझं नाव नाही. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

माझा निबंध चार पानांचा आहे. त्या गोळ्यांवर. कुठल्याशा बारक्या मासिकाने घेतलाय.

फवारा तसबिरीमागून काढून उशाशी ठेवा. आज.

यारेली

---

लास तोर्कासास
१८ जून

यारेली,

उत्तराला उशीर झाला. हात मोकळा नव्हता.

तुझं पत्र तुझ्या काकूने वाचलं, उभं राहून, न्यायाधीशासारखं. मी म्हटलं, मशीन चुकलं. मशीनला काय कळतं? मी रोज ट्रकचे टायर चढवतो, गिऱ्हाइकाशी भांडतो, रविवारी नाचतो. नशेबाज असा असतो? रोमेलियाने पत्राची घडी घातली. डबा घेतला, मागच्या अंगणात गेली, गोळ्या दगडाने ठेचल्या आणि ब्लीच ओतलं. मी म्हटलं, बघच आता. बाजाराची पिशवी सोडावी तशा सोडून दाखवतो. दवाखान्यात जातील ते दुबळे.

मग काय काय झालं ते सगळं काकू तुला सांगेलच. ती तिखटमीठ लावेल, ते वजा कर. चोनिता येऊन उशाशी बसली. “एलिओदोरो, नुसता हात धरू का टोचू?” असं तिने विचारलं, आणि त्या अवस्थेत मला हसू आलं, त्यावरून मी मरत नाही हे सगळ्यांना कळलं. हिरव्या क्रॉसचं दुकान मोंक्लोवाचे भाऊ पलीकडे जाऊन बघून आले. बंद आहे. शेजारी दुसरं उघडलंय, निळ्या क्रॉसचं.

तुझा साहेब पुन्हा टीव्हीवर होता. त्याच्या पुढच्या तुकडीचे नवे आकाशी शर्ट आले आहेत. या वेळी ते कुठल्या वस्तीचे कोंबडे मारणार, तेवढं आधी कळव. मी तिथल्या टायरवाल्याला सावध करीन.

तुझी चार पानं मी दुकानात लावली आहेत, आरशांच्या मधे. इंग्रजीत आहेत, म्हणून बर्निसबाई रोज येऊन मला विचारतात, “इथे काय लिहिलंय? आणि इथे?” मी सांगतो. त्यांनी आदानचं नाव परवा पहिल्यांदा मोठ्याने घेतलं.

जुलैत येशील तेव्हा दवाखान्यात माझी ओळख करून देऊ नकोस. तिथे सगळे मला ओळखतात. रोज सकाळी दार उघडायच्या आधी आम्ही सात-आठ जण बाहेर उभे असतो. रोमेलिया मला सोडते, आणि त्या तुझ्या पोरांतला एक माझ्यासाठी जागा धरून ठेवतो. औषध जिभेखाली धरायचं, विरघळेपर्यंत बोलायचं नाही. ते घेतलं नाही, तर माझ्या हाताला पाना धरवत नाही.

एलिओदोरो